कंपवात आणि मेंदूतील निचरा

कंपवातात (पार्किन्सन रोगात) मध्यमेंदूतील कृष्णद्रव्य या भागातील डोपामीन तयार करणाऱ्या चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात आणि त्यामुळे हालचालींतील मंदपणा, स्नायूंची ताठरता व विश्रांतीच्या स्थितीतील कंप ही लक्षणे दिसू लागतात. उरलेल्या पेशींत अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचे गोळे साचतात. फ्रिडरिख लेव्ही यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या या गोळ्यांना लेव्ही पिंड म्हणतात. असे प्रथिन मेंदूबाहेर कसे जाते, हा प्रश्न २०१२ नंतर विशेष महत्त्वाचा ठरला, कारण त्या वर्षी अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड व सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये ग्लिम्फॅटिक यंत्रणा वर्णिली. धमन्यांभोवतीच्या पोकळ्यांतून मस्तिष्क-मेरुद्रव मेंदूच्या ऊतींत शिरतो, तारकापेशींच्या टोकांवरील अ‍ॅक्वापोरिन-४ या जलमार्गी प्रथिनाच्या साहाय्याने पेशींमधील द्रवात मिसळतो आणि टाकाऊ द्रव्ये घेऊन बाहेर पडतो, अशी ही कल्पना आहे. झोपेत हा निचरा वाढतो, असे २०१३ मध्ये मांडले गेले; २०२४ मधील उंदरांवरील एका अभ्यासाने मात्र नेमका उलट निष्कर्ष काढल्याने हा वाद अद्याप मिटलेला नाही.

रुग्णांमध्ये या प्रवाहाचा अंदाज चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांवरून काढलेल्या एका निर्देशांकाने घेतात आणि तो कमी असलेल्यांत हालचालींची लक्षणे अधिक तीव्र असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तथापि हा निर्देशांक निचरा प्रत्यक्ष मोजत नाही, आणि मंदावलेला निचरा हे रोगाचे कारण की परिणाम, हे अशा सहसंबंधावरून ठरवणे घाईचे होईल.