लाही, पिशवी आणि बटरचा वास

आजचा विषय ऐकायला एकदम हलका आहे: मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न. 'ते रेडिएशनमुळे वाईट असतं ना रे?' हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की म्हटलं, एकदा याचा इतिहासच सांगू. कारण धोका होता, खरंच होता. फक्त आपण भलतीकडेच बोट दाखवतो.

सुरुवात आमच्या सटाण्यापासून. बागलाण तालुक्यात खरिपात जिकडे बघाल तिकडे मका. त्यामुळे देवमामलेदारांच्या यात्रेत पॉपकॉर्न खाताना वाटतं, हा आपल्याच शिवारातला. तसं नसतं. शेतातला नेहमीचा मका मुख्यतः कोंबडीखाद्याला आणि स्टार्चला जातो. पॉपकॉर्नचं वाण वेगळं: कवच घट्ट, आत साधारण १४ टक्के ओल. दाणा १८० अंशांच्या आसपास तापला की त्या ओलीची वाफ आत कोंडते, दाब वाढतो आणि कवच फुटतं. म्हणजे दाणा स्वतःच एक छोटा प्रेशर कुकर.

ही युक्ती आपल्याकडे मक्याच्याही आधीची. लग्नातला लाजाहोम आठवा. लाजा म्हणजे साळीच्या लाह्या, आणि 'लाही' हा शब्द त्यातूनच आला. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या असतात. मका भारतात आला तो १६व्या शतकात, पोर्तुगीजांच्या काळात, असं साधारण मानलं जातं. भडभुंजा तापलेल्या वाळूत लाह्या फोडायचा, तेलाचा थेंबही नाही. आणि पोषणाच्या हिशेबात आजही हेच व्हर्जन सगळ्यात भारी. तेलाशिवाय फोडलेले तीन कप पॉपकॉर्न म्हणजे जेमतेम ९० कॅलरी आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास फायबर. कोंडा न काढलेलं अख्खं धान्य आहे ते.

मग बिघडलं कुठे? १९४५ मध्ये अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचा इंजिनिअर रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करत होता. खिशातलं चॉकलेट वितळलं, मग त्याने मक्याचे दाणे समोर धरले आणि ते फुटले, अशी गोष्ट सांगतात. या लहरी दाण्यातलं पाणी तापवतात, बस. ओव्हन बंद केला की लहरी संपल्या. अन्नात काही 'उरत' नाही.

पुढे १९८१ च्या सुमारास मायक्रोवेव्हच्या पिशव्या आल्या. त्या आधी थंड ठेवाव्या लागायच्या. १९८४ मध्ये कपाटात टिकणारी पिशवी आली. (ॲक्ट टू या नावातला 'टू' त्याचाच. आधीचा ॲक्ट वन थंड ठेवावा लागायचा.) आता खरं लोणी कपाटात महिनोन्‌महिने कसं टिकणार? म्हणून त्याच्या जागी घट्ट तेल, मीठ आणि बटर फ्लेवर. या फ्लेवरमधला मुख्य पदार्थ डायअसिटाइल. तो लोण्यातही नैसर्गिकरीत्या थोडा असतोच, खाल्ला तर विशेष काही नाही. प्रश्न त्याच्या वाफेचा होता.

मे २००० मध्ये मिसुरी राज्यातल्या जॅस्पर गावच्या पॉपकॉर्न कारखान्यातले आठ माजी कामगार एका डॉक्टरांच्या लक्षात आले. आठही जणांना ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांवर व्रण होऊन त्या बुजत जाणं. अतिशय दुर्मीळ आजार, आणि गेलेला श्वास परत येत नाही. काहींची नावं फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या यादीत गेली. ही माणसं काय करत होती? गरम तेलाच्या टाकीत फ्लेवर ओतत होती, नाहीतर शेजारी पॅकिंग करत होती. सरकारी तपासणी झाली, २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि आजाराला नाव पडलं 'पॉपकॉर्न लंग'. मला हे नाव अजिबात आवडत नाही. त्यात कामगार कुठेच दिसत नाही.

मोठ्या कंपन्यांनी डायअसिटाइल काढायची घोषणा केली २००७ मध्ये. त्याच वर्षी डेन्व्हरकडचा एक ग्राहक समोर आला होता. कित्येक वर्षं रोज दोन-दोन पिशव्या, त्यातही उघडताना वाफ हुंगायची सवय. २०१२ मध्ये ज्यूरीने त्याला ७२ लाख डॉलर मंजूर केले. आणि डायअसिटाइलऐवजी काही ठिकाणी जे वापरलं गेलं, त्या २,३-पेंटेनडायोननेही उंदरांच्या श्वासनलिकांना इजा झाल्याचं दिसलं. आम्ही कोडिंगवाले याला पॅच म्हणतो, बग तसाच.

पिशवीचा कागदही संशयात होता. तेल झिरपू नये म्हणून त्यावर पीएफएएस गटातली रसायनं असायची, जी शरीरातून लवकर जात नाहीत. अन्नाच्या वेष्टनासाठी त्यांची अमेरिकेतली विक्री थांबल्याचं तिथल्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं.

आपल्याकडे, निदान सटाण्यात, मायक्रोवेव्हपेक्षा कुकरमध्ये फोडायचं पाकीट जास्त चालतं. त्यात कागदी पिशवीचा प्रश्नच नाही, पण तेल आणि मीठ आहेच. ट्रान्स फॅटवर एफएसएसएआयने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली, हे बरं झालं. पण पाम तेलातलं सॅच्युरेटेड फॅट वेगळं, ते या मर्यादेत येत नाही. पाकीट उलटं करा आणि सोडियम बघा. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला २,००० मिलिग्रॅमच्या आत. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, तेही बघा, कारण मॅच बघताना अख्खं पाकीट एकटाच संपवणारे आपण. नुसते सुटे पॉपकॉर्नचे दाणे किराणा दुकानात मिळतात. जाड बुडाचं पातेलं, चमचाभर तेल, वर झाकण, आणि मीठ शेवटी.