हिस्सा कोणाचा, हुकूम कोणाचा?

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. परंतु जमाखर्चाच्या वहीलाही इतिहास असतो, आणि कष्टकऱ्याच्या पोटाशी त्याचा संबंध लढायांहून जवळचा असतो. राज्य सरकारच्या कारभारात संगणक आला. त्याचा खर्च दिल्लीने किती उचलावा व मुंबईने किती, या नियमाची हकीकत आम्हांला आज सांगावयाची आहे.

आपल्या घटनेने जमिनीसारखे विषय राज्यांकडे दिले. उत्पन्नाचे मोठे झरे मात्र केंद्राकडे राहिले. राज्यांच्या योजनांना केंद्राने किती साहाय्य द्यावे, याचे सर्वमान्य सूत्र १९६९ साली ठरले. ते बसविणारे धनंजयराव गाडगीळ आपल्याच महाराष्ट्राचे. बहुतेक राज्यांना ३० टक्के अनुदान व ७० टक्के कर्ज, अशी त्यात वाटणी होती. मर्जीच्या जागी नियम आला, हे त्या सूत्राचे मोठेपण. पण केंद्रपुरस्कृत योजना त्या सूत्राबाहेर राहिल्या, आणि संगणक आला तो बहुतांशी त्याच दाराने.

उलव्याच्या श्रोत्यांना सातबाऱ्याचे महत्त्व सांगावयास नको. नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या, तेव्हापासून मोबदल्यासाठी आणि साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी या कागदाच्या नकला घेऊन येथील माणसाने किती खेटे घातले! हे अभिलेख संगणकावर आणण्याची योजना १९८८-८९ मध्ये निघाली, तेव्हा सारा खर्च केंद्राचा होता. २००८ च्या कार्यक्रमात काही कामांचा खर्च केंद्र व राज्य यांत वाटला गेला. १ एप्रिल २०१६ पासून तो पुन्हा पूर्णपणे केंद्राकडे गेला. सातबारा तोच, हिशेब मात्र दोनदा फिरला.

२००६ साली राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर झाली. राज्याराज्यांत संगणकांचे जाळे विणण्यासाठी त्याआधीच, २००५ मध्ये, ३,३३४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली होती. मुदत पाच वर्षांची. पुढे २०१५ साली चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के झाला, आणि त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात ज्या आठ योजनांचे केंद्रीय साहाय्य थांबले, त्यांत ही ई-शासन योजना होती. मुदत सरकारी कागदाला असते. यंत्राला वीज, दुरुस्ती आणि माणूस रोजच लागतो.

हा रोजचा खर्च कोणाच्या माथी बसतो, ते अंगणवाडी सेविकांनी दाखवून दिले. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले. खर्च केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. महाराष्ट्रातील सुमारे एक लाख सेविकांना सरकारी मोबाइल मिळाले. मार्च २०२१ मध्ये केंद्राने नवे 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप आणले. जुन्या मोबाइलला ते पेलेना, त्यात मराठीची सोय नव्हती, आणि हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचे पैसे सेविकेच्या तुटपुंज्या मानधनातून जाऊ लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी मोबाइल सरकारच्या स्वाधीन केले. वर्तमानपत्रांनी त्याला 'मोबाइल वापसी' म्हटले. आम्ही म्हणतो, तो खर्चाच्या वाटणीविरुद्धचा संप होता. साठ आणि चाळीस मिळून शंभर होतात खरे. पण सेविकेच्या पदरातून गेलेली रक्कम त्या शंभरात कोठेच नव्हती.

अमेरिकेतही संघराज्य आहे. तेथे गरिबांच्या वैद्यकीय साहाय्याच्या योजनेसाठी १९७२ च्या कायद्याने ठरविले की, घटकराज्याने माहितीची यंत्रणा उभारली तर ९० टक्के आणि ती चालविली तर ७५ टक्के खर्च संघसरकार देईल. उभारणे निराळे व चालविणे निराळे, हे तेथे कायद्याने ओळखले. एकच यंत्रणा अनेक खाती वापरू लागली की प्रत्येकाने आपला हिस्सा मोजून द्यावा, हा तेथील नियम मात्र जाचक ठरला. म्हणून २०११ ते २०१८ या काळात उभारणीपुरती त्यातून सवलत दिली गेली. अमेरिकेचे सारेच चांगले, असे आमचे म्हणणे नाही. पण हा धडा घेण्याजोगा आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जो अ‍ॅप ठरवितो, त्याने ते चालविण्याच्या खर्चातही वाटा उचलावा. दुरुस्ती, इंटरनेट, शिक्षण आणि ठरावीक वर्षांनी नवे यंत्र, ही कलमे मंजुरीच्या पहिल्याच कागदावर यावीत. आणि वाटणी ठरविताना ते यंत्र ज्यांच्या हाती द्यावयाचे, त्यांच्या संघटनेलाही बैठकीत जागा असावी. गाडगीळांनी मर्जीच्या जागी नियम आणला. त्या नियमात कष्टकऱ्याचे कलम लिहिणे अद्याप बाकी आहे.