हेलसिंकीपर्यंतची वाट

ऑलिंपिक सामन्यांचा इतिहास वाचण्याचा मला जुना नाद आहे, आणि त्यापायी घरच्या मंडळींची थट्टाही मी पुष्कळ सोसली आहे. स्वतः मी आयुष्यात बस पकडण्यापलीकडे कधी धावलो नाही. पण कोणी कोठे किती सेकंदांत किती मीटर धावले, हे मला पाढ्यांसारखे येते. ऑलिंपिकचे सर्वांत आवडते वर्ष कोणते, असे कोणी विचारले तर मी १९५२ असे सांगतो. बर्लिनचा थाट त्या वर्षाला नव्हता आणि पुढच्या काळातली दिव्यांची रोषणाईही नव्हती. परंतु फिनलंडच्या त्या छोट्या राजधानीत त्या वर्षी जी माणसे जमली, त्यांतले कितीतरीजण तेथवर पोचलेच कसे, ही हकिकत त्यांच्या पदकांहून मला अधिक मोलाची वाटते.

खुद्द हेलसिंकी शहरालाच बारा वर्षे थांबावे लागले होते. १९४० चे सामने आधी टोकियोला ठरले होते. जपानने ते १९३८ मध्ये सोडून दिले, तेव्हा हेलसिंकीने पुढे येऊन ते मागून घेतले. क्रीडांगण उभे राहिले. त्याच्या शेजारी एक उंच पांढरा मनोरा चढविण्यात आला. मौज अशी की, त्याची उंची बरोबर ७२.७१ मीटर ठेवली, कारण १९३२ मध्ये फिनलंडच्या मॅटी यार्विनेनने भाला तेवढ्या अंतरावर फेकून सुवर्णपदक मिळविले होते! पराक्रमाचे स्मारक मीटर-सेंटिमीटरमध्ये बांधणारे दुसरे राष्ट्र माझ्या पाहण्यात नाही. पण १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि सामने राहिले. युद्धाच्या शेवटी फिनलंडच्या गळ्यात सोव्हिएट रशियाची जबर खंडणी पडली. तिचा शेवटचा हप्ता फिटला तो १९५२ च्या सप्टेंबरात, म्हणजे सामने आटोपल्यानंतर. घरावर कर्ज असताना थोरल्या मुलीचे लग्न थाटात लावणाऱ्या यजमानासारखीच ही गोष्ट.

१९ जुलैला, भर पावसात, उद्‌घाटन झाले. ६९ देशांचे सुमारे पाच हजार खेळाडू ओलेचिंब होऊन मैदानात उभे होते. रशियाचा संघ त्या वर्षी पहिल्यानेच ऑलिंपिकला आला होता. त्याची आणि त्याच्या मित्रराष्ट्रांची राहण्याची सोय ओटानिएमी येथे निराळी केलेली होती, बाकीच्या जगाची निराळी. ज्योत घेऊन शेवटचा धावक आत आला आणि त्याची ती ठरावीक, घड्याळासारखी चाल ओळखून सारे क्रीडांगण उठून उभे राहिले. तो पावो नुर्मी होता. वय ५५, टक्कल पडलेले. ह्या माणसाने १९२०, १९२४ व १९२८ ह्या तीन ऑलिंपिकांत मिळून नऊ सुवर्णपदके मिळविली होती. आणि १९३२ मध्ये, प्रवासखर्च म्हणून वाजवीपेक्षा जास्त पैसे घेतले ह्या आरोपावरून, त्याला ऐन वेळी लॉस एंजेलिसच्या सामन्यांतून वगळण्यात आले होते. ज्या दारातून एकदा बाहेर काढले, त्याच दारातून वीस वर्षांनी तो ज्योत घेऊन आत आला. मनोऱ्यावरची ज्योत मात्र त्याच्याहून ज्येष्ठ अशा ६२ वर्षांच्या हान्नेस कोलेहमाइनेनने पेटविली. घरच्या वडीलधाऱ्यांचा मान कसा राखावा हे फिन लोकांना सांगावे लागत नाही.

आता झाटोपेककडे वळतो. त्याच्याविषयी लिहू लागलो की माझी लेखणी आवरत नाही, ही माझी अडचण वाचकांनी समजून घ्यावी. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक हा सुताराचा मुलगा. झ्लीन गावी बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यात कामाला लागला आणि तेथल्या एका शर्यतीत, नको नको म्हणत असताना, त्याला उभे केले गेले. धावणे दिसायला सुंदर असावे असे ज्यांना वाटते, त्यांनी ह्या माणसाची चित्रे पाहू नयेत. मान एका बाजूला पडलेली, जीभ बाहेर, तोंड वेडेवाकडे. पोटात कळ उठलेला माणूस वैद्याच्या घराकडे धावत असावा, तसा तो दिसे. पण त्याच्या सरावाला तोड नव्हती. चारशे मीटर जोरात, मग थोडे सावकाश, पुन्हा चारशे जोरात, असे तो दिवसातून कित्येक वेळा करी. सैन्यात असताना जाड बूट घालून रानात धावे. एकदा म्हणे बायकोने धुणे सांगितले, तर त्याने न्हाणीच्या टबात कपडे टाकले आणि साबणाच्या पाण्यात त्यांच्यावरच तास-दोन तास धावून घेतले. धुणे आणि सराव एकदम!

हा गृहस्थ हेलसिंकीला जवळजवळ आलाच नसता. त्याच्या संघातल्या स्टानिस्लाव्ह युंगविर्थ नावाच्या तरुण धावपटूला, वडील राजबंदी आहेत एवढ्याच कारणावरून, सरकारने वगळले होते. झाटोपेकने सांगितले, ‘तो येणार नसेल तर मीही येत नाही.’ संघाचे विमान गेले, हा मागे राहिला. त्या काळी त्या देशात असे बोलणे म्हणजे काय होते ह्याची कल्पना आज आपल्याला यावयाची नाही. सैन्यातला अधिकारी, तुरुंगाची वाट सरळ समोर. शेवटी सरकार नमले आणि दोघेही मागाहून येऊन पोचले.

२० जुलैला त्याने १०,००० मीटर जिंकले, २९ मिनिटे १७ सेकंदांत. चार दिवसांनी ५,००० मीटर. ती शर्यत मात्र त्याच्या हातून गेल्यातच जमा होती. शेवटच्या फेरीत इंग्लंडचा चॅटवे, जर्मनीचा शाडे आणि फ्रान्सचा मिमून असे तिघे त्याच्या पुढे निघून गेले होते. शेवटच्या वळणावर ह्याने बाहेरच्या अंगाने अशी काही मुसंडी मारली की तिघेही मागे पडले. चॅटवे तर काठाला पाय लागून कोसळलाच. १४ मिनिटे ६.६ सेकंद. दुसरा आला तो मिमून. १९४८ च्या १०,००० मीटरमध्ये आणि १९५२ च्या दोन्ही शर्यतींत हा झाटोपेकच्या मागोमाग दुसराच आला. अल्जीरियात जन्मलेला, युद्धात पाय जाता जाता वाचलेला हा मिमून माझा फार आवडता. पुढे १९५६ मध्ये मेलबर्नला त्याने मॅरॅथॉन जिंकली आणि सहाव्या क्रमांकाने येणाऱ्या झाटोपेकची वाट पाहत तो शेवटच्या रेषेपाशी उभा राहिला.

त्याच २४ जुलैच्या दुपारी झाटोपेकची पत्नी डाना भाला घेऊन मैदानात उतरली. नवऱ्याचे नुकतेच मिळालेले पदक तिने शकुन म्हणून बरोबर घेतले होते. पहिल्याच फेकीत भाला ५०.४७ मीटर गेला आणि घरात दुसरे सुवर्णपदक आले. पतिपत्नींचा जन्म १९२२ सालचा, एकाच दिवशीचा, १९ सप्टेंबरचा. आता पदकही एकाच दिवशी. झाटोपेकने पुढे बढाई मारली म्हणे, की तिला स्फूर्ती माझ्या शर्यतीने दिली. त्यावर बाईंनी विचारले, ‘असे का? मग दुसऱ्या एखाद्या मुलीला स्फूर्ती देऊन पाहा, ती भाला पन्नास मीटर फेकते का!’ संसार कसा चालला असेल हे एवढ्यावरून कळते.

योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच दिवशी भारताच्या हॉकी संघानेही हॉलंडचा ६-१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. सहातले पाच गोल एकट्या बलबीर सिंगांचे. बाकी आपल्या पथकाची कथा संमिश्र होती. फुटबॉलमध्ये यूगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरविले. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. मुंबईची मेरी डिसूझा आणि बंगालची नीलिमा घोष ह्या दोघी धावण्याच्या शर्यतीत उतरल्या, ऑलिंपिकमध्ये भारतीय स्त्रीचे धावणे ते पहिलेच. पोहण्यात डॉली नाझीर आणि आरती साहा होत्या. आरतीचे वय अवघे अकरा वर्षांचे! सात वर्षांनी, १९५९ मध्ये, हीच मुलगी इंग्लिश खाडी पोहून गेली. पदके ह्यांपैकी कोणालाच मिळाली नाहीत. पण अकरा वर्षांची पोर त्या वेळी घरातून तेथवर पाठविणाऱ्या आईबापांची मला धन्य वाटते.

आणि आदल्या दिवशी, २३ जुलैला, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव ५७ किलोच्या गटात तिसरे आले होते.

खाशाबांचे वडील स्वतः मल्ल. घरात कुस्ती, गावात कुस्ती, आणि शिक्षणासाठी गेले ते कोल्हापूरला, म्हणजे कुस्तीच्या माहेरीच. त्यांचा ढाक डाव प्रसिद्ध होता. १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनला गेले आणि तेथे त्यांना पहिल्यांदाच गादीवर लढावे लागले. लाल मातीत वाढलेल्या पायांना गादी म्हणजे परका मुलूख. मातीत पाय रुततो, दम खाता येतो, जोड तासभरही चालते. गादीवर पाय सटकतो आणि घड्याळ थांबत नाही. तरीही ते सहावे आले. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन शिक्षकाने त्यांना तेथे गादीचे तंत्र शिकविले. पुढची चार वर्षे त्यांनी त्याच एका ध्यासात काढली.

१९५२ मध्ये अडचणी दोन होत्या. पहिली निवडीची. चाचणीत आपल्यावर अन्याय झाला असे त्यांचे म्हणणे होते. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितल्यावर पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी जिंकली. दुसरी अडचण पैशाची, आणि ती चीतपट करणे अधिक अवघड. सरकारकडून मिळाले ते तुटपुंजे. मग कराडच्या व भोवतालच्या लोकांनी वर्गणी काढली. तरीही भागेना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले बॅ. खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! विद्यार्थी पहिल्या वर्गात यावा म्हणून शिकवणी घेणारे गुरुजी पुष्कळ पाहिले. त्याने परदेशी जाऊन कुस्ती खेळावी म्हणून घर गहाण टाकणारे प्राचार्य मला दुसरे ठाऊक नाहीत.

हेलसिंकीला त्यांनी कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या मल्लांना हरविले. पुढे गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशीशी. पंधरा मिनिटांची ती लढत इशीने गुणांवर घेतली. असे सांगतात, की अंगावरचा घाम वाळण्यापूर्वीच त्यांना रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढण्यासाठी बोलाविण्यात आले; नियमाप्रमाणे मधे अर्धा तास विसावा मिळावयाचा होता, पण त्यांच्या बाजूने बोलायला तेथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता. तीही कुस्ती गेली. इशी पहिला, रशीद दुसरा, खाशाबा तिसरे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक. त्याच दिवसांत कोल्हापूरचे केशव माणगावे वरच्या गटात चौथे आले, पदकापासून एक पायरी खाली. त्यांचे नाव आज किती जणांना आठवते?

कोपऱ्यातल्या आणखी दोघांची नावे घेतल्याखेरीज पुढे जाववत नाही. लक्झेंबर्गच्या जोझी बार्थेलने १,५०० मीटर जिंकले आणि व्यासपीठावर उभा राहून तो लहान मुलासारखा रडला; त्याच्या देशाचे राष्ट्रगीत वाजेल असे कोणाच्या ध्यानीमनी नसल्याने वाद्यवृंदाची तारांबळ उडाली म्हणतात. दुसरी डेन्मार्कची लिस हार्टेल. १९४४ मध्ये पोलिओने तिचे गुडघ्याखालचे पाय गेले. घोड्याला इशाऱ्यावर डौलाने चालविण्याच्या स्पर्धेत तोवर केवळ लष्करी अधिकाऱ्यांना प्रवेश असे. १९५२ मध्ये ती प्रथमच स्त्रियांनाही खुली झाली. हार्टेलला घोड्यावर उचलून बसवावे लागे आणि उतरवूनही घ्यावे लागे. घोड्याला पायाने इशारा देणे तिला शक्य नव्हते. ते तिने पाठीच्या आणि अंगाच्या तोलाने केले. रौप्यपदक! पहिला आलेला स्वीडनचा सां-सीर ह्याने तिला हात देऊन व्यासपीठावर चढविले.

२७ जुलैला झाटोपेक मॅरॅथॉनला उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच. किती वेगाने धावावे हे माहीत नसल्यामुळे त्याने सरळ मार्ग धरला. जगातला सर्वांत वेगवान म्हणून गाजलेल्या इंग्लंडच्या जिम पीटर्सच्या शेजारी जाऊन धावू लागला. वाटेत त्याने पीटर्सला विचारले, ‘हा वेग ठीक आहे ना?’ पीटर्स आतून थकला होता. पण पाहुण्याची जिरवावी म्हणून म्हणाला, ‘फार सावकाश चाललो आहोत.’ झाटोपेकने ते खरे मानले आणि पुढे निघून गेला! पीटर्सला पायांत गोळे येऊन शर्यत सोडावी लागली. झाटोपेक २ तास २३ मिनिटे ३ सेकंदांत एकटाच क्रीडांगणात शिरला. दुसरा येईपर्यंत अडीच मिनिटे गेली. ५,०००, १०,००० आणि मॅरॅथॉन ही तीनही सुवर्णपदके एकाच ऑलिंपिकमध्ये त्याच्याखेरीज आजवर कोणालाही मिळालेली नाहीत.

पुढे १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला आला. विक्रमांमागून विक्रम करणाऱ्या ह्या धावपटूच्या नशिबी ऑलिंपिकचे सुवर्णपदक नव्हते. निरोप देताना झाटोपेकने त्याच्या हाती एक पुडके दिले. विमानात ते उघडले, तर आत हेलसिंकीचे १०,००० मीटरचे पदक होते. १९६८ मध्ये झाटोपेक सुधारणावाद्यांच्या बाजूने उभा राहिला. सैन्यातला हुद्दा गेला, पक्षातून हकालपट्टी झाली आणि विहिरी खोदणाऱ्या टोळीत अंगमेहनत करण्याची वेळ आली. २००० मध्ये तो वारला.

खाशाबा १९५५ मध्ये मुंबई पोलिसांत फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे मेलबर्न हुकले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार आला तो त्यांच्यामागे, २००० सालचा. भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडले, आणि महाराष्ट्राच्या मातीतल्या दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेच्या नेमबाजीतल्या कांस्यपदकासाठी, २०२४ पर्यंत थांबावे लागले.

पण हे सारे फार पुढचे. १९५२ मध्ये खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनावर दीडशेवर बैलगाड्या त्यांच्यासाठी जमल्या होत्या, आणि गोळेश्वरापर्यंतच्या पंधरा मिनिटांच्या वाटेला मिरवणुकीने सात तास लागले, असे तेथले लोक सांगतात. गुलाल खाली बसल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचा फड लावला. ऑलिंपिकचा मल्ल पुन्हा लाल मातीत उतरला, शड्डू ठोकला, कुस्त्या मारल्या, आणि जमलेले पैसे खर्डेकरांकडे नेऊन दिले. घर सुटले.