वळूचं श्रेय किती, संकराचं किती?

संकरित गुरं म्हटलं की आपल्याला होल्स्टिन, जर्सी आणि दूध आठवतं. आजची गोष्ट मात्र अमेरिकेतल्या मांसासाठी पाळलेल्या गुरांची आहे. तुमचा विषय वेगळा असला तरी वाचा.

धडाचं वजन, मांसातली चरबीची नक्षी म्हणजे मार्बलिंग, मांसाचा कोवळेपणा हे सगळं कत्तलीनंतरच नीट मोजता यायचं. पण चांगला वळू तर जिवंत हवा! म्हणून त्याची पारख वासरांवरून. आता एका कळपातली वासरं वजनदार निघाली, तर ते वळूमुळे की तिथल्या चाऱ्यामुळे?

कॉर्नेल विद्यापीठातल्या चार्ल्स हेंडरसन यांनी कळप, हंगाम आणि वळू यांचे परिणाम एकत्रच सोडवणारी समीकरणं मांडली. ज्या वळूची तीनच वासरं मोजलीत, त्याचा अंदाज सरासरीकडे ओढला जातो. हीच ‘ब्लप’ पद्धत. (माझ्या पहिल्या विश्लेषणात मी कळप हा घटक घातलाच नव्हता. गाईडनी विचारलं, “हे वळूचं की गोठ्याचं?” दोन महिन्यांचं काम पुन्हा केलं.)

संकरात आणखी एक गुंता असतो, संकर ओजाचा. दोन जातींच्या मिलनातून आलेला हा जोम वळूच्या खात्यावर जमा होतो, पण पुढच्या पिढीत तसाच उतरत नाही. शिवाय तो सगळीकडे सारखा नसतो: वजनात भरपूर, मार्बलिंग आणि कोवळेपणात थोडा.

नेब्रास्कातल्या क्ले सेंटरच्या संशोधन केंद्रात १९७० च्या सुमारास हेरफर्ड आणि अँगस गायींना वेगवेगळ्या जातींचे वळू लावून वासरांची तुलना सुरू झाली. शारोले, लिमोझिन यांच्या वासरांत मांस जास्त, मार्बलिंग कमी. पुढे साहिवाल आणि ब्राह्मनही आले. ब्राह्मनच्या पूर्वजांत गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची गुरंही आहेत बरं का! ब्राह्मनच्या संकरांची वाढ जोरदार, पण मांस काहीसं चिवट. नुसता वजनाचा आकडा पाहणारा इथं हमखास फसला असता.

तरी एक अडचण उरलीच. प्रत्येक जातीची संघटना आपल्या वळूंचे आकडे आपापल्या पायावर काढायची, त्यामुळे अँगसचा ‘अधिक वीस’ आणि शारोलेचा ‘अधिक दहा’ यांची तुलनाच होत नसे. क्ले सेंटरच्या नोंदी वापरून हे आकडे एका पायावर आणणारे तक्ते १९९३ पासून निघू लागले. त्यात आधी वाढ आणि दूध आलं, मांसाची प्रत बरीच नंतर. वासरू तोलायला काटा पुरतो. धडाची नोंद हवी तर त्याच्यामागे कत्तलखान्यापर्यंत जावं लागतं.