हवाईसुंदरी आणि निवृत्तीचे वय : दोन न्यायनिर्णयांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वयाच्या आधारे होणारा भेदभाव सेवानियमांच्या निर्विकार भाषेत सहसा लपून राहतो. एअर इंडियातील हवाईसुंदरींचा न्यायालयीन लढा हे त्याचे ठळक उदाहरण होय. या लढ्याचा विचार प्रामुख्याने स्त्री-पुरुष समानतेच्या अंगाने झाला. प्रस्तुत लेखात त्यातील वयाच्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

सेवानियमांचे स्वरूप :
वयाची ३५ वर्षे पूर्ण होणे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह करणे किंवा पहिली गर्भधारणा, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा हवाईसुंदरीस निवृत्त व्हावे लागे. व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीने ही मुदत ४५ वर्षांपर्यंत वाढू शके. विमानात बहुतांशी तेच काम करणारे पुरुष कर्मचारी मात्र ५८ व्या वर्षी निवृत्त होत.

न्यायनिर्णय :
नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गर्भधारणेची अट आणि संचालकांचा अनिर्बंध अधिकार रद्द ठरविला. प्रवाशांसमोर तरुण स्त्रिया शोभेच्या वस्तू म्हणून ठेवण्याचा युक्तिवादही न्यायालयाने फेटाळला. अधिक वयाच्या अनुभवी स्त्रिया प्रवाशांची काळजी घेऊ शकतात, असे मत नोंदविले. तरीही स्त्री व पुरुष कर्मचाऱ्यांचे संवर्ग भिन्न मानून निवृत्तिवयातील तफावत कायम ठेवली.

१९८९ मध्ये केंद्र शासनाच्या निर्देशानंतर सेवेची मर्यादा ५८ वर्षांपर्यंत वाढली. तथापि ठरावीक वयानंतर हवाईसुंदरींना उड्डाणाऐवजी जमिनीवरील काम दिले जाई. पुढे उड्डाणाची मर्यादा ५० वर्षे झाली. मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद अवैध ठरविला. परंतु यशस्विनी मर्चंट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो निर्णय फिरविला.

निष्कर्ष :
या इतिहासातून एक विसंगती स्पष्ट होते. अनुभवाचे मोल न्यायालयाने मान्य केले, परंतु त्या अनुभवास नोकरीचे संरक्षण लाभले नाही. राज्यघटनेच्या कलम १५ व १६ मध्ये भेदभावाच्या निषिद्ध आधारांत लिंगाचा उल्लेख आहे, वयाचा नाही. परिणामी वयामुळे झालेला अन्याय लिंगभेद म्हणून सिद्ध करणे कर्मचाऱ्यास भाग पडले. तो सिद्ध न झाल्यास वयाची रेषा प्रशासकीय धोरण म्हणून टिकून राहिली. 'हवाईसुंदरी' या शब्दातच जे गृहीत आहे, तेच सेवानियमांनी वर्षांच्या आकड्यांत मांडले होते. म्हणून निवृत्तीच्या वयाचा अभ्यास करताना तो आकडा कोणत्या कार्यक्षमतेवर आधारलेला आहे, हा प्रश्न प्रथम विचारणे अगत्याचे ठरते.