मुंबईतील भाड्याची घरे आणि सामाईक खर्चाची वाटणी

मुंबईतील भाड्याच्या घरांचा इतिहास बहुधा भाड्याच्या दरांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. नळाचे पाणी, जिन्यावरील दिवा, संडासाची सफाई यांचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न त्यात दुय्यम ठरतो. वस्तुतः मालक व भाडेकरू यांच्या संबंधांचे खरे स्वरूप या खर्चाच्या वाटणीतच अधिक स्पष्ट होते.

चाळीच्या व्यवस्थेत हा खर्च भाड्यात सामावलेला असे. विहार (1860) व तानसा (1892) या तलावांचे पाणी शहरास मिळाले, तरी सामान्य चाळीतील नळ सामाईकच राहिला. 1888 च्या महानगरपालिका कायद्यान्वये पाणीपट्टी मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर आकारली जाई आणि जागा भाड्याने दिलेली असल्यास तिची प्राथमिक जबाबदारी भाड्याने देणाऱ्यावर असे. भाडेकरूस या खर्चाचा हिशेब ठेवावा लागत नसे. पण तो मागण्याचे साधनही त्याच्या हाती नव्हते.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी निगडित केले. स्थानिक करांतील वाढ वसूल करण्याची मुभा मालकास मिळाली. परंतु भाडे गोठल्यावर सेवांत काटछाट करण्याचा मोह त्यास होणे स्वाभाविक होते. म्हणूनच पाणी, वीज, जिन्यावरील दिवे व सफाई या अत्यावश्यक सेवा तोडण्यास त्याच कायद्याने मनाई केली. मालकाच्या कसुरीमुळे पालिकेने पुरवठा तोडला, तरी तो दोष मालकाचाच मानला गेला. हेच संरक्षण पुढे 1999 च्या कायद्यातही कायम राहिले.

याहून भिन्न मार्ग सहकाराने दाखविला होता. 1915 मध्ये गावदेवी येथे स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेत इमारती संस्थेच्या मालकीच्या, आणि सभासद हे तिचे भाडेकरू होते. खर्च देणारा व हिशेब तपासणारा एकच असल्याने वाटणीचा प्रश्न सभेत सुटू शकत होता.

1960 चा सहकारी संस्था कायदा व 1963 चा मालकी सदनिका कायदा यांनंतर संस्थांचा विस्तार झाला. आदर्श उपविधींनी वाटणीची निरनिराळी सूत्रे घालून दिली : सेवाशुल्क सर्व सदनिकांवर समान, तर पाण्याचा आकार प्रत्येक सदनिकेतील नळांची संख्या व आकारमान यांनुसार. विजेचे मीटर घरोघरी स्वतंत्र असतात. पाण्याचे देयक मात्र बहुधा संपूर्ण इमारतीचे येते, म्हणून हे सूत्र आवश्यक ठरले. तथापि नळ मोजता येतात, त्यांतून वाहिलेले पाणी त्यायोगे मोजले जात नाही.

सभासदाने सदनिका भाड्याने दिली की जुना प्रश्न नव्या रूपाने परत येतो. संस्थेस सभासदच जबाबदार असतो. तो हा भार करारानुसार भाडेकरूवर टाकू शकतो. 1 ऑगस्ट 2001 च्या शासकीय आदेशाने भोगवटेतर शुल्कास सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा घातली. पण तिचा प्रत्यक्ष लाभ सभासदास होतो. भाडेकरूस सभेत मत नाही. चाळीतील भाडेकरूस हिशेब अज्ञात होता. सदनिकेतील भाडेकरूस आकारणीचा आकडा कळतो, पण तो ठरविण्याचा अधिकार नाही. शतकभराच्या कायद्यांनी नळ तोडू दिला नाही हे खरे. परंतु नळाचा खर्च भरणाऱ्यास त्याच्या हिशेबात स्थान देण्याचे कार्य अद्याप अपुरे आहे.