पाच वाजेपर्यंतचं आशागड

चला, कोरोनाच्या जून 2020 मध्ये उतरू या. थांबा, आधी नाक झाका! मास्क नसेल तर रुमाल, ओढणी, टॉवेल, काहीही चालेल.

डहाणूहून रिक्षानं आशागड गावात या. एरवी मांडीला मांडी लावून, जमलंच तर एक पाय बाहेर काढून बसायची सवय. सध्या नियम कडक आहे, चालक अधिक दोन. मागच्या सीटवर ऐसपैस बसा, वारा खा. भाडं मात्र विचारू नका.

आशागडला उतरलात की पावसाआधीचा उकाडा अंगाला चिकटतो. सदरा पाठीला, मास्क ओठाला. सॅनिटायझरचा झोंबरा वास आणि सुक्या बोंबलाचा वास यांची जुंपलेली असते. बोंबीलच जिंकतो.

किराणा तर टाळेबंदीतही चालूच होता. उत्सुकता आहे ती बाकीच्या शटरांची. दोन महिन्यांहून जास्त मिटलेलं हार्डवेअरचं शटर करकरत वर जातं आणि कोंडलेल्या रबराचा, उंदरांचा, धुळीचा भपकारा तोंडावर येतो. मालक ताडपत्र्या झटकतो. दारासमोर चुन्याचे गोल आखलेत, सहा-सहा फुटांवर. पण गोलांत माणसं कुठायत? तिथं चपला उभ्या आहेत, एका गोलात तर नुसती पिशवी. माणसं पलीकडे झाडाखाली, खांद्याला खांदा लावून बसलीत!

तुम्हीही चप्पल ठेवा. जमीन तापलेली आहे, लवकर सावली गाठा.

घाई सगळ्यांनाच आहे. पाऊस दारात आणि घराचं छप्पर उघडं. ताडपत्री, दोरी, मीठ, कांदे, सुकी मासळी, सगळी बेगमी आत्ताच करायची. आणि दुकानांना वेळ नऊ ते पाच. आदेश मंत्रालयातून निघाला खरा. पण इथं गर्दी दिसली तर दुकानं तिथल्या तिथे बंद करायचा अधिकार स्थानिक प्रशासनाला. म्हणून पोलिसांपेक्षा मालकच जास्त ओरडतो, "भाऊ, आत पाच जण झालेत, बाहेरच थांबा!"

तुमचा नंबर लागतो. "काका, बारा बाय पंधरा द्या." मास्कमधून काकांना काय ऐकू येतं कोण जाणे, ते अठरा बाय चोवीस काढतात. तुम्ही ओरडता, मागचे ओरडतात, शेवटी बोटांनी हिशेब होतो. नोट प्लास्टिकच्या टबात टाकायची. काका तिच्यावर फवारा मारतात. ओली नोट, ओले सुटे पैसे.

पाचला दहा कमी असताना शटर अर्ध्यावर येतं. झाडाखालचे सगळे एकदम उठतात आणि आपापल्या चपलांवर हक्क सांगू लागतात.

ताडपत्री मिळाली ना? मग मानेवर रुळणाऱ्या केसांचं काय, ते आज विचारू नका. सलूनला अजून परवानगी नाही. ती मिळेल 28 जूनला, तीही केस कापण्यासारख्या मोजक्या सेवांपुरती. दाढीला वस्तरा लावायला बंदीच. दाढी तेवढी घरी करा. तसंही मास्कखाली कुणाला दिसतेय?